लष्करी साहित्याच्या खरेदीत पर्यावरणाचा हिशेब कसा मांडावा : कक्षात नव्याने आलेल्यांसाठी

पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी संरक्षण साहित्याच्या खरेदीशी संबंधित एका कक्षात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे एका डिझेल जनरेटरची तांत्रिक फाइल आली. तिच्यात 'पर्यावरणीय आवश्यकता' या मथळ्याखाली नऊ पाने होती. एवढा विचार आधीच झालेला आहे, अशा समजुतीने मी 'पर्यावरणाची बाजू समाधानकारक' असा शेरा मारून फाइल पुढे पाठवली. दोन दिवसांनी ती परत आली आणि माझ्या शेऱ्याखाली वरिष्ठांनी पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला होता : "कोणाच्या पर्यावरणाची?" त्या नऊ पानांत धूर, सांडलेले तेल किंवा कचरा यांविषयी एक शब्दही नव्हता. पुढील टिपण त्या पेन्सिलीच्या प्रश्नातून सुरू झाले. ते भारतातील खरेदीपद्धती डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे आणि उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी जनरेटरच घेतला आहे, कारण रणगाड्यापेक्षा तो नवख्या माणसाच्या टेबलावर लवकर येतो.

१. 'पर्यावरण' या शब्दाचे दोन अर्थ आधी वेगळे करा

लष्करी विनिर्देशांमध्ये पर्यावरण म्हणजे उष्णता, थंडी, धूळ, खारी हवा, बुरशी, हादरे. थोडक्यात, उपकरणाला जे सोसावे लागते ते. आपल्याकडील जेएसएस ५५५५५ किंवा अमेरिकेचे मिल-स्टँडर्ड-८१० यांतील चाचण्या याच अर्थाच्या आहेत. उपकरण वाळवंटात आणि हिमरेषेवर टिकेल की नाही, हे त्या सांगतात. उपकरणामुळे त्या वाळवंटाचे किंवा हिमरेषेचे काय होईल, हे सांगत नाहीत. आपल्याला हवा आहे तो दुसरा अर्थ. म्हणून फाइलमध्ये 'पर्यावरणीय परिणाम' असा वेगळा मथळा पहिल्या दिवशीच उघडा आणि पुरवठादाराने चाचणी अहवाल त्या मथळ्याखाली जोडले असतील, तर ते नम्रपणे बाजूला काढा.

याच जातीचा दुसरा चकवा आयएसओ १४००१ या प्रमाणपत्राचा. ते कारखान्याच्या व्यवस्थापन पद्धतीविषयी असते, वस्तूविषयी नसते. उत्तम व्यवस्थापन असलेला कारखानाही इंधन पिणारे इंजिन बनवू शकतो.

२. खरेदी कोणत्या वाटेने चालली आहे आणि दार कुठपर्यंत उघडे आहे, ते पाहा

भांडवली खरेदी (दीर्घकाळ टिकणारे नवे साहित्य) असेल तर डीएपी २०२० ही संरक्षण संपादन कार्यपद्धती लागते, महसुली खरेदी (सुटे भाग, देखभाल यांसारखा चालू खर्च) असेल तर डीपीएम, म्हणजे संरक्षण खरेदी नियमपुस्तक, ज्याची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दोन्ही दस्तऐवजांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून कपाटातील छापील प्रतीवर विसंबू नका.

भांडवली खरेदीचा क्रम ढोबळमानाने असा असतो : आरएफआय काढून बाजारातील माहिती मागवणे, गुणात्मक आवश्यकता म्हणजे क्यूआर ठरवणे, एओएन म्हणजे गरजेला मान्यता मिळणे, आरएफपी म्हणजे बोली मागवणारा दस्तऐवज निघणे, तांत्रिक मूल्यमापन, मैदानी चाचण्या, आणि शेवटी वाटाघाटी व करार. यांपैकी पर्यावरणाच्या मुद्द्यासाठी दार खऱ्या अर्थाने उघडे असते ते पहिल्या दोन टप्प्यांत. आरएफपी निघाल्यानंतर नवी अट घालणे म्हणजे सर्व बोलीदारांशी केलेला व्यवहार बदलणे होय, आणि ते कोणी करू देणार नाही, देऊही नये. मी एकदा तांत्रिक समितीच्या बैठकीत, देकार उघडण्याच्या तोंडावर, शीतक वायूचा प्रश्न उपस्थित केला होता. मुद्दा बरोबर होता, परंतु वेळ सहा महिने चुकलेली होती. इतिवृत्तात 'नोंद घेतली' एवढेच उरले.

आरएफपीचे चार भाग असतात : सर्वसाधारण, तांत्रिक, वाणिज्यिक आणि मूल्यमापनाचे निकष. तुमचा मुद्दा दुसऱ्या भागात अट म्हणून किंवा चौथ्या भागात गुणांकनाचे सूत्र म्हणून आला, तरच त्याला वजन आहे. अन्यथा सर्व तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याची किंमत सर्वांत कमी, तो एल-वन ठरतो आणि विषय संपतो. डीएपीमध्ये सुधारित कार्यमान निकषांची, म्हणजे ईपीपीची, सोय आहे. आवश्यकतेपेक्षा सरस गुणवैशिष्ट्याला मूल्यमापनात एकूण १० टक्क्यांपर्यंत श्रेय देता येते, मात्र हे निकष एओएनच्या वेळीच मांडावे लागतात. कमी इंधनखप हा मुद्दा या चौकटीत मांडता येण्यासारखा आहे, कारण तो पर्यावरणाइतकाच लढाऊ क्षमतेचाही आहे.

३. वस्तूच्या आयुष्याचा तक्ता काढा, पण सगळीकडे सारखे खोदू नका

ब्रिटनचे संरक्षण मंत्रालय साहित्याच्या आयुष्याचे सहा टप्पे मानते : संकल्पना, मूल्यमापन, प्रात्यक्षिक, उत्पादन, सेवाकाल, विल्हेवाट. त्यांचे डेफ-स्टॅन ००-०५१ हे मानक संरक्षण प्रणालींच्या पर्यावरण व्यवस्थापनासाठीच आहे. अमेरिकेच्या मिल-स्टँडर्ड-८८२ई मध्ये धोक्याची तीव्रता चार श्रेणींत मांडलेली आहे आणि त्या श्रेणी ठरवताना माणसाच्या इजेबरोबर पर्यावरणाची हानीही धरली आहे. ही मानके आपल्यावर बंधनकारक नाहीत. तक्ता कसा आखावा हे शिकण्यासाठी मात्र ती फार उपयोगी पडतात.

एका बाजूला उत्पादन, वाहतूक, वापर, देखभाल, विल्हेवाट लिहा. दुसऱ्या बाजूला हवा, पाणी, जमीन, आवाज, घातक पदार्थ, कचरा लिहा. प्रत्येक चौकोनात 'मोठा', 'किरकोळ' किंवा 'माहिती नाही' एवढेच भरा. जनरेटरसाठी 'वापर' आणि 'हवा' यांचा चौकोन मोठा येईल, गोळीबार सरावाच्या दारूगोळ्यासाठी 'वापर' आणि 'जमीन' यांचा. अमेरिकेत केप कॉड येथील लष्करी सरावक्षेत्राखालील भूजलात स्फोटकांचे अंश उतरू लागल्यामुळे १९९७ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने प्रत्यक्ष गोळीबाराचा सरावच थांबवायला लावला होता. मोठे चौकोन तीन-चार निघतील. पुढील सारी मेहनत त्यांवर करायची. 'माहिती नाही' हे चौकोन आरएफआयमधील प्रश्न बनतात.

संपूर्ण जीवनचक्र मूल्यमापन आयएसओ १४०४० व १४०४४ यांनुसार करून घ्यायचे असेल, तर तुलनेचे एकक आधी ठरवा. 'एक जनरेटर' हे एकक चुकीचे. 'अमुक उंचीवर दहा वर्षे दररोज अमुक युनिट वीज' हे योग्य. दोन पुरवठादारांनी आपापल्या सीमारेषा आखून केलेली मूल्यमापने शेजारी ठेवून तुलना करू नका, त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

४. इंधनाचा हिशेब स्वतः करा

हा टप्पा मी सर्वांत आवडीने करते, कारण येथे पर्यावरणवादी आणि रसद अधिकारी एकाच बाजूला येऊन बसतात.

समजा, एक जनरेटर दररोज १० तास चालतो आणि सरासरी ताशी ३ लिटर डिझेल घेतो. दिवसाला ३० लिटर, वर्षाला १०,९५० लिटर. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला साधारण २९ टन. आता हेच २०० लिटरच्या बॅरलमध्ये मोजा : वर्षाला ५५ बॅरल. डोंगरावर चढवायचे तर २० लिटरचे जेरीकॅन, रोज दीड. इंधनखप १० टक्क्यांनी कमी असलेला दुसरा जनरेटर दहा वर्षांत संपूर्ण एका वर्षाचे इंधन वाचवतो. तेवढा कार्बन, तेवढे बॅरल आणि तेवढ्या फेऱ्याही. रिकामे बॅरल उंचावरून खाली आणणे हे भरलेले वर नेण्याइतकेच जिकिरीचे असते, आणि म्हणूनच ते बहुधा वरच राहतात, हेही तक्त्यात 'कचरा' या रकान्यात लिहा.

आघाडीवर पोहोचेपर्यंत त्या डिझेलवर वाहतुकीचा, संरक्षणाचा आणि साठवणुकीचा खर्च चढत जातो. अमेरिकेच्या संरक्षण विभागात यासाठी 'इंधनाची पूर्ण भारित किंमत' मोजण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तुम्ही निदान पंपावरील दर आणि ठाण्यावरील दर अशा दोन ओळी वेगळ्या दाखवल्या, तरी जीवनचक्र खर्चाचे चित्र पालटते.

आता सापळे. पुरवठादाराच्या पत्रकातील इंधनखप बहुधा ७५ टक्के किंवा पूर्ण भारावरची आणि समुद्रसपाटीजवळची असते. प्रत्यक्षात ठाण्यावरील जनरेटर रात्री दिवे, संदेशयंत्रणा आणि एखादा हीटर एवढ्यावर चालतो, म्हणजे पाव ते एक तृतीयांश भारावर. एवढ्या कमी भारावर डिझेल नीट जळत नाही. सायलेन्सरच्या सांध्यातून काळपट, तेलकट थेंब ओघळताना दिसले, तर समजा की गरजेपेक्षा मोठा संच घेतला गेला आहे. अशा वेळी कमी प्रदूषण करणारे इंजिन शोधण्यापेक्षा एका मोठ्या संचाऐवजी दोन लहान संच, किंवा जोडीला बॅटरी आणि सौर पॅनेल, हा पर्याय क्यूआरमध्ये मांडणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरा सापळा उलट दिशेचा आहे. नागरी बाजारात ८०० किलोवॅटपर्यंतच्या जनरेटरना १ जुलै २०२३ पासून सीपीसीबी-४ प्लस ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची उत्सर्जन मानके लागू झाली, आणि 'नवीनतम मानके पाळावीत' अशी एक ओळ क्यूआरमध्ये टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु ती मानके गाठण्यासाठी काही इंजिनांत धुरावर युरियाच्या द्रावणाची फवारणी केली जाते आणि ते द्रावण उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते. लडाखमध्ये डिझेल गोठू नये म्हणून उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आणावे लागले. तेथे युरियाच्या टाकीला तापवण्याची सोय आहे का, ती किती वीज खाते आणि द्रावण वर कोण पोहोचवणार, हे विचारल्याशिवाय ती ओळ लिहू नका.

५. घातक पदार्थांची यादी रासायनिक नावानिशी मागा

व्यापारी नावे स्वीकारू नका. 'पर्यावरणस्नेही वायू' असे लिहिलेल्या नळकांड्यात काय आहे, हे रासायनिक नाव आणि वजन मिळाल्यावरच कळते. ज्यांचा शोध घ्यायलाच हवा असे काही पदार्थ पुढे देते.

अग्निशमन वायू : चिलखती वाहने, विमाने आणि जहाजे यांत हॅलॉन वर्षानुवर्षे वापरला गेला. हॅलॉन-१३०१ ची ओझोन नष्ट करण्याची क्षमता सीएफसी-११ च्या दहापट मानली जाते, आणि माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांतही त्याचे उत्पादन २०१० पासून बंद झाले. त्यामुळे आज हॅलॉनवर चालणारी यंत्रणा घेणे म्हणजे जुन्या साठ्यावर जगणे होय. तिच्या जागी आलेला एचएफसी-२२७ईए ओझोनला धक्का लावत नाही, परंतु हवामान तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजारांहून अधिक पट प्रभावी आहे. माँट्रियल करारातील किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून २०३२ पासून एचएफसींचा वापर टप्प्याटप्प्याने घटवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. तीस वर्षे टिकणाऱ्या वाहनात आज हा वायू बसवला, तर त्याच्या उतारवयात पुनर्भरण कुठून करणार? तिसरा पर्याय म्हणजे फ्लुरोकीटोन. त्याचा तापमानवाढीवरील परिणाम नगण्य आहे. पण तो पीएफएएस या फ्लोरिनयुक्त चिवट संयुगांच्या कुळातला आणि त्याच्या एका प्रमुख उत्पादकाने २०२५ अखेर या कुळाच्या उत्पादनातून बाहेर पडण्याची घोषणा २०२२ मध्येच केली होती. एका पदार्थाच्या जागी दुसरा घेताना दुसऱ्याचे भविष्यही तपासायचे असते, ते यासाठी. विमानतळावरील अग्निशमन फेसालाही हेच लागू आहे. अमेरिकेच्या लष्कराने फ्लोरिनविरहित फेसासाठी जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र विनिर्देश काढले.

कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम : लष्करी केबलच्या टोकाला जो फिकट ऑलिव्ह रंगाचा गोल कनेक्टर दिसतो, त्याचा रंग रंगाऱ्याने दिलेला नसतो, तो बहुधा कॅडमियमचा मुलामा आणि त्यावरील क्रोमेटचा थर असतो. गंजरोधक म्हणून तो उत्तम आहे, आणि कार्यशाळेत घासणाऱ्या हातांसाठी तितकाच वाईट. जस्त-निकेल मुलाम्याचा पर्याय कुठे चालेल, हे पुरवठादाराला विचारा.

शिसे : येथे घाई करू नका. शिसेविरहित शुद्ध कथलाच्या मुलाम्यावर केसासारखे बारीक धातुतंतू उगवतात आणि त्यांमुळे सर्किट शॉर्ट होऊ शकते. म्हणूनच दीर्घायुषी लष्करी इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिसेयुक्त डाख अजून टिकून आहे. तो हटवण्याची सरसकट अट घालणाऱ्याला तांत्रिक समिती पुन्हा कधी गांभीर्याने घेत नाही.

अॅस्बेस्टॉस : जुन्या आराखड्यांच्या गास्केट, क्लच आणि ब्रेकच्या अस्तरांत शोधा. 'विरहित' असे नुसते पत्र पुरेसे नाही, प्रयोगशाळेचा अहवाल हवा.

६. कायद्यातील सूट काळजीपूर्वक वाचा

नवख्या माणसाची समजूत अशी असते की कायदे आहेतच, पुरवठादार ते पाळेल. प्रत्यक्षात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांतून शस्त्रास्त्रे, दारूगोळा आणि खास लष्करी वापराच्या उपकरणांतील बॅटऱ्या वगळलेल्या आहेत. युरोपीय संघाच्या घातक पदार्थांवरील आरओएचएस निर्देशातही खास लष्करी साहित्याला सूट आहे. सागरी प्रदूषणाविषयीचा मार्पोल करार युद्धनौकांना लागू होत नाही आणि आपला २०१९ चा जहाज पुनर्चक्रण कायदाही त्यांना वगळतो.

या सवलतींमागे कारणे आहेत आणि त्यांवर वाद घालणे हे आपल्या कक्षाचे काम नाही. आपले काम एवढेच, की जी जबाबदारी कायदा पुरवठादारावर टाकत नाही ती करारात लिहून घ्यायची. बॅटरीचे उदाहरण घ्या. नागरी बॅटरी परत घेणे उत्पादकावर बंधनकारक आहे. लष्करी उपकरणातील बॅटरी, करारात काही लिहिले नसेल तर, युनिटच्या आवारात ताडपत्रीखाली लिलावाची वाट पाहत पडून राहते. 'आयुष्य संपलेल्या बॅटऱ्या पुरवठादार नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे पोहोचवील आणि त्याचा दाखला सादर करील' हे एक वाक्य वाणिज्यिक भागात घालायला फार खर्च येत नाही, मात्र ते बोली मागवण्यापूर्वी घालावे लागते.

७. आरएफआयमध्ये हे प्रश्न विचारा

– २५, ५० आणि ७५ टक्के भारावर इंधनखप किती, आणि ती कोणत्या उंचीवर व तापमानाला मोजली आहे?
– सर्व वायू, तेले, शीतके, मुलामे आणि अस्तरे यांची रासायनिक नावे, वजने आणि उपकरणातील जागा कोणत्या?
– तेल व फिल्टर बदलण्याचा कालावधी किती तासांचा, आणि वापरलेले तेल किती लिटर निघते?
– कोणते भाग दुरुस्त होतात आणि कोणते बदलूनच टाकावे लागतात?
– वेष्टन परत घेता का? (लाकडी खोक्यांचा आणि फोमचा ढीग कोणी हिशेबात धरत नाही.)
– सुटे करण्याची पुस्तिका उपलब्ध आहे का?

प्रश्न विचारताना एक पथ्य पाळा. कोणत्या ठाण्यावर किती संच आणि किती इंधन, ही माहिती स्वतःच गोपनीय असते. पुरवठादाराला कल्पित कामाचा आराखडा द्या, उदाहरणार्थ 'अमुक उंचीवर दिवसाला इतके तास', आणि तो बाहेर पाठवण्यापूर्वी सुरक्षा विभागाकडून तपासून घ्या.

८. मैदानी चाचणीत पर्यावरणाचेही मोजमाप करून घ्या

चाचणी पथक इंधन मोजतेच. तुमची विनंती फक्त एवढी असावी, की ते भारानुसार वेगवेगळे मोजावे आणि गळती, आवाज व धुराची नोंद त्याच तक्त्यात घ्यावी. त्यासाठी तक्त्याचा नमुना चाचणी निर्देशांत आधीच जोडा. मी सुरुवातीला तोंडी सांगत असे. मैदानावर, बोटे बधिर झालेल्या माणसाला तोंडी विनंती आठवत नाही.

९. शेवटच्या दिवसाचा विचार पहिल्या फाइलमध्ये लिहा

फ्रान्सची विमानवाहू नौका क्लेमान्सो डिसेंबर २००५ मध्ये मोडतोडीसाठी गुजरातेतील अलंगकडे निघाली. तिच्यात अॅस्बेस्टॉस नेमके किती शिल्लक आहे, यावर कोणाचेच आकडे जुळेनात. प्रकरण दोन्ही देशांच्या न्यायालयांत गेले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सला ती माघारी बोलवावी लागली. अखेर ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे मोडली गेली. आपली पहिली विक्रांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, बांधायला घेतलेली होती आणि ती मोडायला सुरुवात झाली २०१४ मध्ये, मुंबईच्या दारूखान्यात. मधल्या सत्तर वर्षांत कोणत्या कप्प्यात काय बसवले आणि काय बदलले, हे माणसांच्या आठवणीतून कळत नाही. म्हणून वर पाचव्या मुद्द्यात सांगितलेली घातक पदार्थांची यादी कराराचा भाग करा, प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर ती अद्ययावत करण्याची जबाबदारी कोणाची हे नमूद करा, आणि तिची एक प्रत उपकरणाच्या लॉगबुकाबरोबर राहील अशी व्यवस्था करा.

हाताशी ठेवायची कागदपत्रे

– लागू असलेली खरेदी कार्यपद्धती, ताज्या दुरुस्त्यांसह
– मसुदा क्यूआर (अंतिम नव्हे, मसुदाच, अंतिम हाती आला तर उशीर झालेला असतो)
– याच प्रकारच्या जुन्या साहित्याची देखभाल नोंदवही आणि निर्लेखनाचे (बाद ठरवून नोंदीतून काढल्याचे) कागद
– घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम २०१६, ई-कचरा नियम २०२२, बॅटरी कचरा नियम २०२२
– मिल-स्टँडर्ड-८८२ई मधील तीव्रता-संभाव्यतेचा तक्ता, नमुन्यादाखल
– एक साधी स्प्रेडशीट, जिच्यात इंधन, तेल, बॅरल आणि बॅटऱ्या यांच्या दहा वर्षांच्या ओळी असतील

यांपैकी जुनी देखभाल नोंदवही मिळवायला सर्वांत जास्त दिवस लागतात, कारण ती कक्षात नसते, युनिटच्या कार्यशाळेत असते. तिच्यासाठीचे पत्र आधी पाठवा, आणि जमल्यास पत्रापाठोपाठ स्वतः जा. माझ्या त्या पहिल्या जनरेटरच्या बाबतीत नोंदवहीच्या समासात एका हवालदाराने दर महिन्याला बदललेल्या फिल्टरची संख्या पेन्सिलीने मांडून ठेवली होती. पत्रकात दिलेल्या आकड्याच्या ती बरोबर दुप्पट होती, आणि नव्या क्यूआरमधील धुळीविषयीची अट त्या समासातून आली.